डब्यातली रिकामी खाच

४ सप्टेंबर, गुरुवार

"वाढत नाही, बाबा." संपला विषय! एवढं बोलून सूनबाई भांडी आवरायला निघूनही गेली.

मी विचारलं होतं ते इतकंच — तुझ्या त्या डब्याची ताकद वाढवता येते का? डबा म्हणजे तिचा कॉम्प्युटर. टेबलावर टीव्हीसारख्या पडद्यामागे बसलेला असतो. काळा, चपटा, विटेपेक्षाही लहान. तीन वर्षांपूर्वी घरात आला तेव्हा मला वाटलं शिवणाचं सामान ठेवायला आणलाय. झाकण शोधत बसलो होतो. अजून ती गोष्ट फोनवर सगळ्यांना सांगून हसतात.

प्रकरण असं आहे. सूनबाई इमारतींमधल्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढते. ऑफिसचं काम, पण घरी बसून. आता ऑफिसने पत्र पाठवलंय. एक ऑक्टोबरपासून नकाशे काढायचा नवा प्रोग्राम येणार, त्याला दुप्पट मेमरी लागते. ऑफिसनेच एक चाचणी दिली आहे. ती आपल्या मशीनवर चालवायची आणि निकाल तीस तारखेच्या आत पाठवायचा. हिरवा आला तर घरी बसा, लाल आला तर रोज नऊ ते सहा ऑफिसात या आणि तिथल्या मशीनवर काम करा. सूनबाईच्या डब्याने चाचणी दिली. लाल!

आणि ती ऑफिसला गेली की माझी उचलबांगडी. मागल्या वर्षी मी न्हाणीघरात चक्कर येऊन पडलो तेव्हापासून डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे — यांना दिवसभर एकटं ठेवायचं नाही. मुलगा बोटीवर, सहा-सहा महिने त्याचं तोंड दिसत नाही. मग उरलं कोण? लेक. ती तर बॅग भरायलाच सांगते. जावई चांगला माणूस आहे, तीच तर पंचाईत! दर तासाला विचारतो, "बरं वाटतंय ना?" दिवसातून दहा वेळा असं विचारलं की धडधाकट माणसालाही वाटायला लागतं, काहीतरी होतंय खरं.

मला जायचं नाही. वहीत खरं लिहायला काय हरकत आहे? माझी कॉट इथे, खिडकी इथे, हत्यारांची पेटी इथे. नाही जायचं.

"मग नवाच डबा घे," म्हटलं. तर म्हणते, "चांगला चालतोय की हा. उगाच कशाला?" हे मात्र पटलं. चालतं यंत्र टाकून देणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ती अंघोळीला गेली तेव्हा डबा उलटा करून बघितला. एकही स्क्रू नाही! चारी बाजूंनी हात फिरवला. आत माणूस शिरला कुठून मग?

७ सप्टेंबर, रविवार

सापडले!! खाली चार रबरी पाय आहेत ना, त्यांच्या पोटात. नखाने एक पाय जरा उचकटला, तर आत स्क्रूचं डोकं चमकलं. चोर कुठला! लगेच पाय होता तसा दाबून बसवला, कारण सूनबाई मागे उभी होती.

"काय चाललंय?"

"धूळ पुसतोय."

"उलटा करून?"

एका बाजूला स्टिकर आहे — उघडल्यास वॉरंटी रद्द. मी विचारलं, वॉरंटी किती होती? तर एक वर्ष. म्हणजे दोन वर्षं झाली ती वारून, आणि तिचा पहारेकरी अजून दारात उभा! मला हसूच आलं. तिला नाही आलं. म्हणाली, "बाबा, या छोट्या डब्यांमध्ये सगळं सोल्डरने पक्कं झाळलेलं असतं. मेमरीसुद्धा. काढता येत नाही, घालता येत नाही. प्लीज हात नका लावू."

आता हा प्रश्न डोक्यातून जाईना. सदतीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक होतो. लिफ्टच्या मशीनच्या खोलीत एक वही टांगलेली असते. काय उघडलं, आत काय सापडलं, काय केलं, सगळं तारखेनिशी लिहायचं. लिफ्ट सुटली, वहीची खोड सुटली नाही, म्हणून तर हे लिहितोय. त्या सदतीस वर्षांत मालकाने उघडूच नये असं यंत्र मी पाहिलं नाही. मालकाला उघडता येत नाही असं पाहिलं, ते वेगळं. पण उघडू नये म्हणूनच बनवलेलं? मेमरी झाळायची म्हणजे उद्या कमी पडली तर सगळा डबा फेका. असं कोण बनवेल? बनवत असतील. पण हा डबा तसा आहे का, हे तिला तरी कुठून कळलं?

९ सप्टेंबर, मंगळवार

लेकीचा फोन. मी स्पीकरवर ठेवतो, कानाला लावून ऐकू येत नाही. "काय ठरलं मग? एवढी वर्षं घरात बसून होतंच ना वहिनीचं काम? आताच बरं ऑफिस आठवलं! आणि तुमच्याकडे कोण बघणार?"

मी म्हटलं, अगं, तिला नाही आठवलं, ऑफिसला आठवलं. फोन ठेवून वळतो तर सूनबाई दारात. कपडे वाळत घालायला निघाली होती, बादली हातात. सगळं ऐकलं असणार. बादली घेऊन बाल्कनीत गेली.

लेकीची जीभ तिच्या आईवर गेलीय.

११ सप्टेंबर, गुरुवार

उघडला! उघडला! उघडला!

आज सूनबाई ऑफिसात. तीन महिन्यांतून एकदा मीटिंग असते, त्या दिवशी शेजारीण मधून मधून डोकावून जाते. शेजारीण डोकावून गेली की पुढचा तास आपला, हे मला ठाऊक आहे.

आधी वीज तोडली. वायर काढली, बटण दाबून आत उरलेली वीजही सांडू दिली. मग रबरी पाय काढले. कागदावर डब्याचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवला, म्हणजे परत लावताना भांडण नको. झाकण थोडं मागे सरकवून उचलायचं असतं. हे कळायला मला वीस मिनिटं लागली आणि एक नख गेलं.

आत काय आहे म्हणून सांगू! एवढ्याशा जागेत अख्खं गाव. एक चिमुकला पंखा, धुळीने केसाळ झालेला. त्याच्याखाली तांब्याच्या पट्ट्या. त्यांच्या खाली मुख्य चिप, ती मात्र पक्की झाळलेली. ती या जन्मी हलायची नाही, म्हणजे सूनबाई त्याबाबतीत खरी. शेजारी चॉकलेटच्या वडीएवढी डिस्क, एका स्क्रूवर. ती बदलता येईल. आणि मेमरी?

मेमरी दिसेचना. म्हटलं झाळलीच वाटतं. मग टॉर्च तोंडात धरून वाकलो तर एका पत्र्याच्या चौकटीखाली काहीतरी हिरवं. चौकटीचे दोन स्क्रू काढले. खाली दोन खाचा, एकावर एक. एकीत मेमरीची पट्टी बसलेली, दोन्ही बाजूंनी छोट्या चिमट्यांनी धरलेली.

आणि दुसरी रिकामी!

रिकामी! ज्याने बनवला त्याने जागा ठेवली आहे. कुणीतरी येईल, उघडेल, दुसरी पट्टी बसवेल, हे त्याने गृहीत धरलंय. त्या न पाहिलेल्या माणसाचा हात हातात घ्यावासा वाटला.

मग बंद करण्याआधी धूळ काढली, पंख्याला बोटाने फिरवून बघितलं. कुरकुरत होता. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. झक्क!

सूनबाई रात्री आठला आली. काय बोलत होती आज! जेवून आली होती सगळ्यांबरोबर. नव्या पोराने पाण्याचा पाइप थेट लिफ्टच्या खड्ड्यातून नेला होता म्हणे, सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, कारण मी तसा पाइप खरोखर पाहिलाय. मी ती गोष्ट सांगितली, मग तिने अजून एक सांगितली. चेहरा कसा धुतल्यासारखा दिसत होता. घरी आल्याचा आनंद वेगळाच असतो माणसाला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तेल नडलं.

दहा वाजता सूनबाई नाक वर करून खोलीभर हिंडायला लागली. "बाबा, कसला वास येतोय? शिलाई मशीनसारखा?" डबा तापला तसा पंख्याने ते तेल आत सगळीकडे शिंपडलं होतं. लिफ्टची मोटर तेल मागते, हा पंखा मागत नाही. सदतीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. मूग गिळून बसणार होतो, पण खाली टेबलावर तेलाचा ठिपका. कबूल केलं सगळं.

वाटलं आता भडकेल. भडकली नाही. एकदम हळू आवाजात विचारलं, "आत काय दिसलं?"

"एक खाच रिकामी आहे."

"हो का?"

"वाढते मेमरी! तुला कुणी सांगितलं झाळलेली असते?"

"कुठेतरी वाचलं होतं." मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती. मी इकडे कापसाच्या बोळ्याने पंखा पुसत बसलो. तिलाही धीर आला असणार. उगाच का इतकी गप्प झाली?

१३ सप्टेंबर, शनिवार

बागेत बसतो म्हणून सांगून निघालो आणि मागच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक जाड चष्म्याची मुलगी. तिला "आजोबा" म्हणू दिलं नाही, "काका" वर तडजोड झाली.

मी ऐटीत म्हटलं, "डेस्कटॉपची मेमरी द्या." शब्द पाठ करून गेलो होतो.

"कुठला डेस्कटॉप, काका?"

"टेबलावर असतो तो!"

तिने पट्टी दिली. मला वाटलं, किती सोपं.

१४ सप्टेंबर, रविवार

पट्टी वीतभर. खाच तिच्या निम्मी. म्हणजे काय करू, कापू?

१६ सप्टेंबर, मंगळवार

चष्मेवाली हसून हसून चष्मा पुसायला लागली. छोट्या डेस्कटॉपच्या पोटात लॅपटॉपची मेमरी असते म्हणे! वरून डेस्कटॉप, आतून लॅपटॉप. मोठ्या पेटाऱ्यासारख्या कॉम्प्युटरची मेमरी लांब, ह्याची आखूड. "डब्याच्या खालच्या मॉडेल नंबरचा फोटो दाखवा." तो मी आज काढूनच नेला होता. तिने बघितला, म्हणाली, "हो, ह्यात होतं. हे चांगलं मॉडेल आहे. ह्याच कंपनीचं पुढच्या वर्षीचं घेतलं असतंत तर सगळं झाळलेलं असतं."

बघा! म्हणजे होतं आणि होत नाही, दोन्ही खरं. वरून दोन्ही डबे सारखे. माणूस बाहेरून काय सांगणार? मी तिला अर्धा तास प्रश्न विचारले. चित्रांसाठी वेगळं कार्ड बसवता येतं का? नाही, जागाच नाही. मुख्य चिप? नाही. डिस्क? हो. मेमरी? हो, पण त्याच जातीची हवी, वेगळ्या जातीच्या पट्टीची चीर वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. हे मला फार आवडलं. लिफ्टचं दार उघडं असलं की गाडी हलत नाही, तशी सोय! चुकणाऱ्याचा विचार आधीच करून ठेवलेला.

आखूड पट्टी घेऊन आलो. लांब पट्टी दोन आठवड्यांत परत घेते म्हणाली. आज बरोबर न्यायला विसरलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बसवली. सूनबाई समोर खुर्चीत, हाताची घडी. "तुम्हाला करायचंच आहे तर माझ्यासमोर करा," म्हणाली.

आधी नळाला हात लावून अंगातली वीज उतरवली. पट्टी कडेने धरली, चीर जुळवली, तिरकी आत सरकवली. मग बोटांनी खाली दाबली. दोन्ही चिमटे एकदम — टक्! निवृत्त झाल्यापासून हा आवाज मला ऐकायला मिळाला नव्हता. काहीतरी आपल्या जागी बसल्याचा आवाज. सांगून कुणाला कळायचा नाही.

झाकण, स्क्रू, पाय. वायर लावली. बटण दाबलं. डब्याचा दिवा लागला, पंखा फिरला, आणि पडदा काळा.

काळाच!

अर्धं मिनिट. एक मिनिट. तिचं तीन वर्षांचं काम त्यात! सूनबाई म्हणाली, "राहू द्या बाबा. काढा ती. नाही होत ते." अगदी शांत आवाजात म्हणाली. मी म्हटलं, थांब, चष्मेवाली म्हणाली होती, पहिल्यांदा नवीन मेमरी ओळखायला वेळ घेतं. दोन मिनिटं झाली. हात बटणाकडे गेलाच होता, आणि पडदा उजळला.

मी टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या, म्हाताऱ्याने. सूनबाई पडद्याकडे बघत म्हणाली, "आलं." इतकंच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चाचणी हिरवी!! मी तिला ती पुन्हा एकदा चालवायला लावली, फक्त हिरवा बघायला. कॉटवर नवी चादर घातली. मला कुठेही जायचं नाही.

"पाठवलास निकाल?"

"पाठवते."

२२ सप्टेंबर, सोमवार

डबा आता नुसता पळतो. पूर्वी मोठा नकाशा उघडताना ती तेवढ्यात चहा करून आणायची. आता चहाला सवडच नाही. काम चारलाच संपतं. मग खिडकीत उभी राहते. समोरच्या थांब्यावर बस येते, माणसं चढतात, बस जाते.

निकाल पाठवला का विचारलं. म्हणे, तीस तारखेपर्यंत वेळ आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

अजून पाठवला नाही. कामाला इतकी चोख बाई, आणि हे एक बटण दाबायला वेळ मिळेना? विचारावं वाटलं, विचारलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

लांब पट्टी परत द्यायला दुकानात गेलो. चष्मेवालीने पट्टी घेतली, विचारलं, "काय काका, झालं का?" मी सगळं रंगवून सांगितलं, काळ्या पडद्यासकट. मग ती म्हणाली, "गंमत सांगू? तुमच्याच मॉडेलचं विचारायला एक बाई आल्या होत्या. महिना होत आला असेल. खांद्यावर नकाशांचं लांब नळकांडं. मी मशीन बघून सांगितलं, एक खाच रिकामी आहे, सहज वाढेल. तर त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला म्हणाल्या, 'वाढत नाही' असं दुकानाच्या कागदावर लिहून द्याल का?"

मी परत दिलेल्या पट्टीकडे बघत होतो.

"मी म्हटलं असं कसं लिहून देऊ? तर म्हणाल्या, घरी सासरे आहेत, लिफ्टचे मेकॅनिक. तोंडी सांगितलेलं त्यांना पटायचं नाही. आणि नणंदेलाही दाखवायला होईल." ती हसत होती. मग हसता हसता माझ्याकडे नीट बघितलं. "काका, तुम्ही काय करायचात?"

"शिलाई मशीनं दुरुस्त करायचो," म्हटलं.

घरी कसा आलो आठवत नाही. बाग मध्ये लागते, तिथे बसलो होतो वाटतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जेवलो नाही. सूनबाईने लगेच रक्तदाबाचं यंत्र आणलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

आधी राग आला. माझ्याशी खोटं! मला म्हणे झाळलेलं! स्वतः उघडून दाखवून आली आणि माझ्यापुढे ताकास तूर लागू दिली नाही. मी टॉर्च तोंडात धरून नाचतोय आणि ही हाताची घडी घालून बघतेय.

मग रात्रभर आढ्याकडे बघत पडलो, आणि लाज वाटायला लागली.

तीन वर्षं. एक खोली, एक टेबल, एक खिडकी, आणि मी. मी खोकतो. मी विचारतो, चहा घेतेस का? मी विचारतो, हा पाइप इकडून का नेलास? फोन आला की ती बाल्कनीत जाते, तिथे हसते, हसून झाल्यावर आत येते. मीटिंगच्या दिवशी आठ वाजता चेहरा धुतल्यासारखा घेऊन आली, आणि मी शहाणा लिहून बसलो की घरी आल्याचा आनंद! नवरा बोटीवर. तिला दिवसभर बोलायला माणूस कोण? चौऱ्याहत्तर वर्षांचा मेकॅनिक.

लिफ्ट अडकली की आत काही माणसं दार बडवतात, शिव्या घालतात. त्यांची काळजी नसते. कोपऱ्यात गप्प उभा असतो त्याच्याकडे आधी बघायचं असतं. मी नव्या पोरांना हे शिकवायचो. आणि माझ्या घरात, माझ्यापासून सहा पावलांवर, मला दिसलं नाही.

बिचारीला ऑफिसने आपण होऊन दार उघडून दिलं होतं. जावं लागतंय म्हणून जाता आलं असतं. कुणी नाव ठेवलं नसतं, लेकीनेही नाही. आणि मी काय केलं? नख तोडून घेऊन, तेल सांडून, टाळ्या वाजवून ते दार बंद केलं.

"जा" म्हणून सांगावं का? काही उपयोग नाही. मी ओळखतो तिला. मी जा म्हटलं की म्हणेल, "मी कुठे जायचंय म्हटलं, बाबा?" आणि त्याच मिनिटाला हिरवा निकाल पाठवून मोकळी होईल. वर लेक आहेच — बाबांना घालवून स्वतः निघाली! ते तिला ऐकायचं नाही, म्हणून तर कागद मागत होती. माझ्याकडून नाही, दुकानातल्या परक्या मुलीकडून मागावा लागला तिला तो.

मला अजूनही जायचं नाही. हेही खरं आहे. जावयाचं "बरं वाटतंय ना?" आत्तापासूनच कानात घुमतंय.

२८ सप्टेंबर, रविवार

"पाठवला का?" आज मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "उद्या पाठवते, बाबा. नक्की." बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

पहाटे डबा उघडला, नवी पट्टी काढून घेतली, चारी स्क्रू लावले. मग कोरा कागद घेतला आणि लिफ्टच्या तपासणीनंतर लिहायचो तसं लिहिलं:

"यंत्र स्वतः उघडून तपासले. एकदा वाढवून पाहिले, टिकले नाही. या यंत्रात मेमरी वाढणे शक्य नाही. वापरणाऱ्याने ऑफिसातील यंत्रावर काम करावे." खाली सही, आणि सहीखाली — निवृत्त मेकॅनिक.

लेकीला फोन लावून शब्द न् शब्द वाचून दाखवला. म्हटलं, बुधवारी न्यायला ये.

कागद सूनबाईच्या टेबलावर ठेवला. तिने उभ्यानेच वाचला. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. डोळे वाहत होते, पुसले नाहीत. म्हणाली, "बाबा, तारीख राहिली."

घातली.